चार काठांचं कापड

कुस्कोहून येणारी बस जिथून वळून परत जाते
तिथून वर पाऊण तास.
इपोलिता तुपायाची अंगणात बसलेली,
मागाचं एक टोक खुंटाला, दुसरं तिच्या कमरेला.
ती मागे रेलली की सूत ताठ,
झुकली की सैल.
म्हणजे मागाचा एक खांब श्वास घेतो,
त्याला मधूनच खोकला येतो,
आणि सकाळपासून तो कुत्र्यावर चिडलेला आहे.

भाची न्येवेस विद्यापीठातून आली आहे,
तत्त्वज्ञानाचा प्रबंध, प्रकरण तिसरं: काळ.
सरांनी समासात लिहिलंय, यात तू कुठे आहेस?
ती पायरीवर बसून मोठ्याने वाचते:
क्वेचुआत भूतकाळ डोळ्यांसमोर असतो, कारण तो दिसतो.
भविष्य पाठीमागे, कारण पाठीला डोळे नाहीत.

इपोलिता ल्यामाच्या हाडाच्या टोकाने
दोन जोड्या उचलते, एक सोडते.
“हे पुस्तकात आहे?
मला वाटलं, आपण नुसतं असं बोलतो.”

मी पाहुणी. बटाटे सोलते आहे.
ऐकता ऐकता माझीच जीभ माझ्या पायात येते.
माझ्याकडे मागे म्हणजे काल.
माग म्हणजे हे, जे तिच्या कमरेला बांधलंय.
माग म्हणजे चिखलात उमटलेली, गेलेल्याची खूण.
आणि माग म्हणजे, माग ना, लाजू नकोस.
एका शब्दाने किती घरची धुणी धुवायची!

नक्षी उचलण्याला इथे पाल्याय म्हणतात,
बटाटे वेचतात तोच शब्द.
हे मात्र कुणी समजवावं लागलं नाही.
आम्हीही वेचतो, तांदळातले खडे, गोवऱ्या, फुलं,
आणि कशापायी तरी आयुष्य.

न्येवेसचं बोट एका ओळीवर थांबतं.
“पण मावशी,
विणून झालेलं तुझ्या पोटाशी येतं,
न विणलेलं समोर.
मग उद्या समोरच आला की!
माझं अख्खं प्रकरण खोटं?”

इपोलिता मान वर करत नाही.
“समोर उद्या कुठे? समोर सूत आहे.
सूत गेल्या फेब्रुवारीतलं.
लाल त्याच्याही आधीचा, निवडुंगावरचे किडे वाटले तेव्हाचा.
ही करडी ज्या मेंढीची, ती मेली.”
“मग उद्या?”
ती कमरेचा पट्टा जरा वर सरकवते.
“इथे. जिथे काचतंय.”

न्येवेस हसत नाही. पेन शोधते,
सापडत नाही, मग शोधणं सोडते.

या कापडाला कात्री लागत नाही.
चारही बाजूंना काठ, मुळातच.
एका टोकाकडून चार बोटं विणायचं,
सगळा माग फिरवायचा,
मग दुसऱ्या टोकाकडून निघायचं
आपल्याच दिशेने.
शेवटी मध्ये वीतभर जागा उरते. मग टीचभर.
काठी शिरत नाही, मग बारीक काठी,
मग तीही नाही, मग सुई.
दोन दिवस ती त्या टीचभर जागेत आहे.
पक्ष्यांची नक्षी तिथे दबते,
चोची आखडतात, एकाला पंखच नाही.
मी म्हटलं, हे खटकत नाही?
“दोन्हीकडून आलं की गर्दी होणारच.”

संध्याकाळी न्येवेस बॅटरी धरून उभी,
वही कोंबडीच्या टोपलीवर पालथी.
सुई आत जाते, बाहेर येते, एक एक धागा,
कुणीच काही सिद्ध करत नाहीये.

मग काठ्या ओढून काढल्या.
आता तो माग नव्हता,
पाच काठ्या, एक हाड, एक दोरी.
कापड न्येवेसच्या खांद्यावर.
तिने दबलेला पक्षी अंगठ्याने चाचपून पाहिला,
पुन्हा पाहिला.

इपोलिता पट्टा सोडून उठली, अर्धीच.
दोन्ही हात पाठीमागे नेले
आणि थोडा वेळ
उद्याला चोळत उभी राहिली.